भट्टी नवी, भंगार तेच

ओतशाळेत लोखंड वितळवण्यास कोणती भट्टी चांगली, याची चर्चा बहुधा कोकच्या आणि विजेच्या दराभोवतीच फिरते. भट्टीच्या तोंडातून आत जाणाऱ्या मालाचा विषय मात्र क्वचितच निघतो. कोल्हापूर परिसरातील ओतशाळांना दोन भट्ट्या विशेष परिचित आहेत. क्युपोला म्हणजे आतून अग्निविटांचे अस्तर दिलेला उभा पोलादी नळा. त्यात कोक, लोखंड आणि चुनखडी यांचे थर वरून चढवतात, खालून हवेचा झोत सोडतात आणि जळत्या कोकमधून झिरपलेला लोखंडाचा रस तळाशी साचतो. इंडक्शन भट्टीत जळण नसते. पाणी खेळवून थंड ठेवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, उलटसुलट दिशेने वाहणारी वीज सोडली की धातूच्याच अंगात प्रवाह उत्पन्न होऊन तो तापतो.

हा फरक भरताच्या वांग्यावरून समजावा. निखाऱ्यांत भाजलेल्या वांग्याला धुराचा वास लागतो, तसे क्युपोलातील लोखंडाला कोकमधील कार्बन आणि गंधक लागतात. कार्बन बिडाला हवाच असतो. गंधक मात्र एसजी बिडात, म्हणजे ज्यातील ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असते अशा चिवट बिडात, नडतो, कारण त्यासाठी घातलेले मॅग्नेशियम आधी गंधकाशीच संयोग पावते. इंडक्शनमध्ये हा दोष टळतो, परंतु वांगेच किडके असेल तर आच कोणतीही असो, भरीत किडकेच होणार. बाजारात वांगे उलटेपालटे करून, छिद्र नाही ना हे पाहून घेणारी माणसे भंगार मात्र न पाहता टनावारी उतरवून घेतात, हे नवलच.

क्युपोलात चुनखडीमुळे मळी पातळ होते आणि राख, वाळू तिच्याबरोबर बाहेर वाहते. इंडक्शन भट्टी मात्र पोटात गेलेले बहुतेक सारे रसातच परत देते. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा पडला तर 907 अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या जस्ताचा पांढरा धूर शेडभर पसरतो आणि त्याची वाफ गारगोटीच्या भुकटीच्या अस्तरात शिरते. बंद नळीत पाणी राहिले असेल तर त्याची क्षणात वाफ होऊन तप्त रस कामगाराच्या अंगावर उडतो. म्हणून सांगणे भाग आहे की भट्टी माल वितळवते, निवडत नाही.

पितळ आणि ॲल्युमिनियमसाठीच्या मुशीच्या भट्ट्यांनाही निवडीचा हाच नियम लागू आहे. कारखानदारांनी नव्या भट्टीचे कर्ज काढण्याआधी भंगाराच्या ढिगावर छप्पर घालावे आणि त्यापाशी एक जाणता माणूस बसवावा.