आईची नोकरी आणि मुलाची रेघ
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)

मैत्रिणींनो, माझा मुलगा पाळणाघराच्या दारात रडायचा, तेव्हा शेजारच्या काकू म्हणायच्या, ‘तुझ्या नोकरीपायी पोर बिघडणार!’ एका दिवसाच्या रडण्यावरून एवढा निकाल?

घरी राहणारी आणि पाळणाघरात जाणारी मुलं एकदाच तपासली, तर फरक पाळणाघराचा, पैशाचा की घरातल्या ताणाचा, ते कळत नाही. त्यासाठी तीच मुलं वर्षानुवर्षं पाहावी लागतात, घरची परिस्थितीही नोंदवावी लागते. मग प्रत्येक मुलाची स्वतःची रेघ निघते: सुरुवात कुठे, चढ किती.

अमेरिकेत १९९१ साली जन्मलेल्या १,३६४ मुलांचा असा अभ्यास सुरू झाला. तो मुलं १५ वर्षांची होईपर्यंत चालला. केवळ पाळणाघरामुळे आईशी नातं कमकुवत होत नाही, असं १९९७ मध्ये दिसलं. जास्त तास बाहेर राहिलेल्या मुलांत हट्ट-भांडण थोडं जास्त आढळलं, हेही आपण लपवू नये. पण घरच्या वातावरणाचं वजन त्याहून मोठं होतं, आणि पाळणाघराच्या दर्जानेही फरक पडत होता.

म्हणून ‘आई कुठे होती?’ एवढंच विचारू नका. पाळणाघर कसं होतं? आणि बाप कुठे होता?