विमानाने आग्र्याला



यंदा आम्ही कासुर्डीची काही मंडळी आग्र्याला जायचे म्हणतो. १६६६ साली शिवाजी महाराज राजगडाहून आग्र्याला गेले. वाटेत दोन महिन्यांहून अधिक दिवस लागले. आज पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीला सुमारे दोन तासांत पोचता येते. पुढे आगगाडीने आग्रा गाठायचे.

पण बेत नीट आखला पाहिजे. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. म्हणून आधी वार पाहा. तिकिटावरचे नाव आधार कार्डावरच्या नावाशी जुळले पाहिजे. नाही जुळले, तर विमानतळाच्या दारातच अडवतात. ‘पोरानं काढलंय, बरोबर असंल,’ म्हणून सोडू नका. पैसे देण्याआधी पोराला शेजारी बसवा आणि एकेक अक्षर ताडून पाहा.

विमानतळावर दोन तास आधी पोचा. अडकित्ता हातातल्या पिशवीत ठेवू नका, मोठ्या सामानात द्या. आगपेटी घरीच राहू द्या.

आग्र्याच्या किल्ल्यात औरंगजेबाच्या दरबारी अपमान झाला, तो महाराजांनी सोसला नाही. पुढे ते कैदेतून युक्तीने निसटले. तो किल्ला आजही उभा आहे. तिथल्या हिंदी पाट्या आपल्याच बाळबोध लिपीत आहेत. त्या आपण आपल्या डोळ्यांनी वाचू. कुणाला विचारायला नको.