पडण्याआधी सावरू या



रामदासपेठ ही दवाखान्यांची वस्ती. हाड मोडले की आपण येथे धावत येतो. परंतु म्हातारी माणसे पडूच नयेत म्हणून घरात काय करतो?

नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यास येणारे पेन्शनर आम्ही बँकेत पाहतो. एकदा पडलेला माणूस भीतीने बसून राहतो. बसून पायांतले बळ जाते आणि तो पुन्हा पडतो. हे चक्र व्यायामाने तुटते.

ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठलेल्या ५०३ जणांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांना टॅबलेट संगणकावर पाहून घरीच तोल सावरण्याचा व्यायाम दिला होता, आठवड्यास दोन तासांपर्यंत. वर्षाअखेर ठाम फरक दिसला नाही. दोन वर्षांत मात्र त्यांचे पडणे इतरांपेक्षा १६ टक्क्यांनी कमी भरले. आवर्ती ठेवीचेही असेच असते, मध्येच मोडू नये.

ओटा धरून टाचा उचलणे, खुर्चीतून सावकाश उठणे-बसणे, एवढ्याने सुरुवात होते. चक्कर येत असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

विद्यार्थी मित्रांनो, आजी-आजोबांच्या मोबाइलवर रोजचा गजर लावून द्या आणि व्यायामाच्या वेळी शेजारी उभे राहा. आपल्या वडीलधाऱ्यांचा तोल सांभाळणे, हे आपले सर्वांचे कर्तव्य आहे.