आधी केक गार होऊ द्या

बेंगळुरूची हवा थंड, या भरवशावर मी एप्रिलमध्ये लेकीच्या वाढदिवसाचे कपकेक कोमट असतानाच सजवले. पाहुणे दारात आणि बटरक्रीमची फुलं ताटलीत ओघळलेली! लेकीचा चेहरा आजही आठवतो.

बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि एप्रिलच्या दुपारी इथलाही पारा तिथवर चढतो. म्हणून केक आधी पूर्ण गार होऊ द्या. १०० ग्रॅम बिनमिठाचं बटर बोट रुतेल इतपतच मऊ करून फेटा. २०० ग्रॅम आयसिंग शुगर चाळून थोडी थोडी मिसळा. क्रीम सैल वाटलं तर साखर वाढवू नका. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा.

यंदा फुलं लेकीनंच काढली. एकही ओघळलं नाही!