गाडी गेली, वस्ती राहिली



मी विद्वान नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे धडे मी जिनिंगच्या फाटकावर आणि खाणीच्या चाळींत गिरवले. म्हणून आज बोलणार आहे ते व्याख्यान कमी आणि हिशेब जास्त.

वाघाडीकाठचे आपले गाव कापसाचे. इथे आगगाडी आली नाही, कोळसाही निघाला नाही. पण उत्तरेला यवतमाळचे रूळ आणि पूर्वेला वणीकडच्या खाणी. आपल्या भागातली पुष्कळ माणसे पोटासाठी या दोहोंपैकी एका वाटेने गेली. त्यांचे पुढे काय झाले, एवढाच आजचा प्रश्न.

प्रथम रुळांचे पाहू. १९०३ साली मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी ११३ किलोमीटरची अडीच फुटी लाईन सुरू झाली. तीच आपली शकुंतला. भांडवल विलायतेचे, माल वऱ्हाडचा. रुई मूर्तिजापुरास मोठ्या गाडीत चढे, मुंबईस जाई आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांत. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन या लाईनीवर १९९४ पर्यंत राबले. देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या, तरी या लाईनीची मालकी कंपनीकडेच राहिली; गाडी मात्र सरकारने चालवली. काही वर्षांपूर्वी तीही थांबली. मालकी कोणाची यावर लोक पुष्कळ बोलले. स्टेशनावरचे हमाल आणि फलाटावर चहा-भजी विकणारी बाई कोणाची, हे कोणी विचारले नाही.

आता खाणीचे. वर्धा नदी ओलांडली की वरोरा. तिथे १८७१ पासून सरकारी कोळशाची खाण चालली. त्या कोळशासाठीच वर्धेहून रूळ आले. १९०६ साली खाण बंद झाली आणि काम बल्लारपूरकडे सरकले. पस्तीस वर्षे म्हणजे एका मजुराचे सारे उमेदीचे आयुष्य.

आपण म्हणाल, तो इंग्रजांचा काळ. आता कायदे आहेत. आहेत, आणि ते कामगारांनी झगडून मिळवले आहेत. कारखाना बंद झाला तर दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा, ही तरतूद १९५७ साली झाली. कोळसा खाणी १९७३ साली राष्ट्राच्या झाल्या. २००९ साली केंद्राने नियम घातला की खाण चालू असतानाच तिच्या बंदीच्या खर्चाचे पैसे वेगळ्या खात्यात टाकत जावे : त्या वेळच्या भावाने उघड्या खाणीस हेक्टरी सहा लाख, भुयारी खाणीस एक लाख. नियम चांगला आहे. पण मोजणी हेक्टरची आहे, माणसांची नाही.

एका बंद खाणीच्या चाळीत एका म्हातारबाने मला पत्र्याच्या पेटीतून पितळी बिल्ला काढून दाखवला. बिल्ल्यावर नंबर होता, नाव नव्हते. बावीस वर्षे ठेकेदाराच्या हाताखाली कोळसा भरला, पण हजेरीपटावर नावाचा पत्ता नाही. मी त्याचे प्रकरण लढवले आणि हरलो. समोरच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला, “हाच तो माणूस, याला पुरावा काय ?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. घर कंपनीच्या जागेवर, नळ कंपनीचा, दिवा कंपनीचा. काम थांबले तसे आधी पाणी गेले, मग दिवा गेला. म्हातारा तिथेच राहिला, कारण जायला दुसरे गाव उरले नव्हते.

म्हणून माझे मागणे साधे आहे. वसतीखालची जागा काम चालू असतानाच राहणाऱ्याच्या नावे व्हावी. ठेकेदाराच्या मजुराचे नाव हजेरीपटावर चढावे आणि त्याची एक प्रत गावाच्या दप्तरी राहावी. आपल्या जिनिंगच्या हंगामी मजुरांनाही हेच लागू आहे. रेचावर काम करणाऱ्या बाईजवळ आज कोणता कागद आहे, ते उद्या तिलाच विचारून पाहा.

आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. घरात, गल्लीत रुळांवर किंवा खाणीत राबलेले कोणी म्हातारे माणूस असेल, तर वही घेऊन त्याच्याजवळ बसा. नाव, गाव, काम, किती वर्षे, कोणाच्या हाताखाली, एवढे लिहून घ्या आणि खाली त्याचा अंगठा किंवा सही घ्या. त्या वह्या घेऊन आपण पुढच्या वसंतात पुन्हा इथे बसू.