गाण्यातले नाव : अँथनी गोन्साल्विस

(गणेशोत्सवात झालेले भाषण)



'अमर अकबर अँथनी' १९७७ साली आला. अंड्यातून बाहेर येऊन नाचणाऱ्या अमिताभचे त्यातले गाणे आपल्याकडे वरातीत अजून वाजते. पण त्या गाण्यातले अँथनी गोन्साल्विस हे नाव एका खऱ्या माणसाचे आहे, हे नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? संगीतकार जोडी लक्ष्मीकांत-प्यारेलाल. त्यातले प्यारेलालजी ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, त्या गुरूचे हे नाव. गुरुदक्षिणा अशीही देता येते!

गोन्साल्विस गोव्यातील माजोर्ड्याचे, जन्म १९२७. त्या काळी तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवत. १९४३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते मुंबईत नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले आणि पुढे अरेंजर झाले.

अरेंजर म्हणजे काय? मी डिप्लोमावाला, नोकरी बांधकामाची, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. संगीतकार चाल देतो, म्हणजे घर कसे हवे ते सांगतो. अरेंजर त्याचे ड्रॉइंग काढतो. कुठे व्हायोलिन, कुठे बासरी, कोणी किती मात्रा गप्प बसायचे, हे प्रत्येक वादकासाठी वेगळ्या कागदावर लिहून देतो. ड्रॉइंगशिवाय पन्नास मिस्त्री एका भिंतीवर चढवले तर काय होईल, ते आपण जाणताच. पण पडद्यावरच्या नामावलीत या लोकांचे नाव सहसा येत नसे.

गोन्साल्विस यांचे खरे वेड वेगळेच होते. आपले राग पाश्चात्य वाद्यवृंदाने वाजवावेत, असे त्यांना वाटे. सारंग रागावर त्यांनी रचना लिहिली. १९५८ मध्ये स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभारला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. मात्र असा डोलारा एकट्याच्या खिशातून किती दिवस चालणार? १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीत न रमता माजोर्ड्यात राहिले आणि २०१२ च्या जानेवारीत वारले. त्यांच्या रचना फार थोड्यांनी ऐकल्या. शिष्य मात्र घरोघरी ऐकू येतो, कारण मुंबईत त्यांनी पोरांना शिकवायला वेळ काढला होता.

म्हणून मंडळाला एक विनंती. पुढच्या वर्षी डीजेच्या भाड्यातून थोडे पैसे काढून, लामत्यातल्या मुलांसाठी आठवड्यातून एक दिवस बालाघाटहून हार्मोनियम-तबल्याचे शिक्षक बोलावता येतील का? हा विषय येत्या बैठकीत घ्यावा. पहिली वर्गणी माझी लिहून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!