हार्नोनकूर आणि बोलणारें संगीत



गायनमंडळ म्हणजे देवळाचें भूषण, असें आपण सहज म्हणतों. परंतु संगीत हें भूषण कीं भाषण, असा प्रश्न ज्या ऑस्ट्रियन संगीतनायकानें साऱ्या यूरोपास घातला, त्या निकोलाउस हार्नोनकूर ह्यांच्याविषयीं दोन शब्द बोलण्याचें आम्हीं आज योजिलें आहे.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १९२९ रोजीं बर्लिन येथें झाला. बालपण ग्राट्स शहरीं, एका सरदार घराण्यांत गेलें. धाकटे बंधु फिलिप पुढें कॅथलिक धर्मगुरु व उपासनाशास्त्राचे अध्यापक झाले. निकोलाउस मात्र चेलो शिकून १९५२ सालीं व्हिएन्ना सिंफनी ह्या वाद्यवृंदांत शिरले. नोकरी सांभाळून, १९५३ सालीं, त्यांनीं पत्नी आलिस हिच्यासह ‘कॉन्सेंटुस मूझिकुस’ हें मंडळ स्थापिलें. तें लोकांपुढें आलें १९५७ सालीं. मधलीं चार वर्षें केवळ शोधांत व तालमींत गेलीं! दोन रविवारच्या तालमीवर सणाचीं गीतें उभीं करणाऱ्या मंडळांनीं ही गोष्ट ऐकून ठेवावी.

चार वर्षें लागण्यास कारण होतें. त्या काळीं बाखसारख्या बरोक रचनाकाराचें संगीतहि मोठ्या ताफ्यानें, प्रत्येक स्वर सारखाच लांबवून व घोटून गुळगुळीत करून वाजविण्याचा प्रघात होता. हार्नोनकूर ह्यांनीं जुने वादनग्रंथ चाळले, आतड्याच्या तारांचीं व्हायोलिनें व कळा नसलेल्या तुताऱ्या मिळविल्या. त्यांवरून त्यांचें मत असें बनलें कीं, त्या युगाचें संगीत वक्तृत्वाच्या नियमांनीं चालत असे. बोलतांना आपण प्रत्येक अक्षरावर सारखा जोर देतों काय? एक शब्द उचलतों, दुसरा सोडतों, मध्येंच थांबतों. स्वरानेंहि तसेंच वागावें. घंटेच्या नादाप्रमाणें उमटावें व विरावें. जेथें शब्द आक्रोश करितो, तेथें वाद्यानें कर्कश होण्यास भिऊं नये. मोझार्टची ४० वी सिंफनी, एवढी व्याकुळ रचना, नुसती गोड करून वाजविणें आपल्यास असह्य झालें, असें ते सांगत. १९६९ सालीं त्यांनीं ती नोकरी सोडली.

मग १९७१ पासून १९९० पर्यंत, डच वादक गुस्ताव्ह लेऑनहार्ट ह्यांच्याबरोबर, त्यांनीं बाखचे उपासनेसाठीं रचलेले सुमारे २०० कंटाटा ध्वनिमुद्रित केले. बाखच्या देवळांतल्याप्रमाणें उंच स्वर बहुतेक ठिकाणीं मुलांनीं गाइले. कोठें कोठें ते कंठ डळमळतात, हें खरें. पण शब्द कानांत रुतून बसतो, आणि आम्हांस तो व्यवहार फायद्याचा वाटतो.

त्यांच्यामागून जुन्या वाद्यांची एक टूमच निघाली. अनेकांनीं वाद्यें उचललीं व प्रश्न मागें ठेविला. स्वतः हार्नोनकूर मात्र जुन्याचे दास झाले नाहींत. मत्तयाच्या शुभवर्तमानावरील बाखचें दुःखसहनगायन त्यांनीं १९७० सालीं मुलांच्या व पुरुषांच्याच कंठांनीं मुद्रित केलें होतें. पुढें ३० वर्षांनीं तेंच गायन त्यांनीं पुन्हां घेतलें, तेव्हां त्यांत स्त्रिया गाइल्या. आधुनिक वाद्यवृंदांसहि ते तितक्याच उत्साहानें शिकवीत. हातीं छडी न घेतां, डोळे विस्फारून, ते वादकांकडून जणुं वाक्यें वदवून घेत.

८६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, ५ डिसेंबर २०१५ रोजीं, त्यांनीं श्रोत्यांस स्वहस्तें पत्र लिहिलें: शरीर आतां साथ देत नाहीं, म्हणून थांबतों, व्यासपीठावरील आम्ही आणि सभागृहांतील तुम्ही ह्यांच्यांत दुर्मिळ असें नातें जडलें, हा त्याचा भावार्थ. ५ मार्च २०१६ रोजीं ते निवर्तले. मंडळ त्यांच्यामागेंहि वाजवीत राहिलें.